घरी बिअर बनवण्यासाठी उकळण्याचे मोठे भांडे कसे निवडावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठे भांडे घेण्याआधी विचारले जाणारे प्रश्न बहुतेक वेळा आकारापासून सुरू होतात आणि शेगडीपाशी येऊन अडतात. खाली हे प्रश्न सोप्यापासून अवघडापर्यंत मांडले आहेत. ज्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे सविस्तर दिले आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक नोंदवला आहे. उत्तरांमध्ये २० लिटरची बॅच गृहीत धरली आहे, कारण घरगुती उपकरणे आणि पाककृती साधारणपणे याच मापाच्या आसपास असतात.

१. यासाठी वेगळे भांडे घेण्याची खरोखरच गरज आहे का? स्वयंपाकघरातले मोठे पातेले चालणार नाही का?

पातेले स्वच्छ असेल, त्याला तेलातुपाचा किंवा मसाल्याचा वास नसेल आणि त्यात पुरेशी जागा असेल, तर अवश्य चालेल. अडचण जागेचीच येते. वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड काढा, किमान तासभर खळखळून उकळावा लागतो आणि त्या तासात तो आटतो. त्यामुळे शेवटी जितकी बिअर हवी, त्याहून बरेच अधिक द्रव सुरुवातीला भांड्यात मावले पाहिजे. शिवाय उकळी फुटताना येणाऱ्या फेसाला वर मोकळी जागा लागते. स्वयंपाकाची पातेली इतकी मोठी क्वचितच असतात, आणि असली तरी त्यांचे कान उकळत्या वर्टचा भार पेलतील असे नसतात.

२. मला २० लिटर बिअर हवी आहे. किती लिटरचे भांडे घ्यावे?

थोडक्यात सांगायचे तर ४० लिटरचे घ्यावे. ३५ लिटरचे लक्ष ठेवून वापरता येते. ३० लिटरचे घेऊ नये. हे आकडे कुठून येतात हे समजून घेतले, तर दुसऱ्या कोणत्याही मापाच्या बॅचसाठी तुम्हाला स्वतःच हिशेब करता येईल.

हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करावा. किण्वनाच्या भांड्यात २० लिटर गार वर्ट जायला हवा. हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा आणि साकळलेली प्रथिने यांचा गाळ तळाशी राहतो आणि त्याच्याबरोबर सुमारे २ लिटर द्रव मागे सोडावे लागते, म्हणजे २२ लिटर झाले. उकळत्या तापमानापासून २० अंश सेल्सिअसपर्यंत निवताना द्रव सुमारे ४ टक्के आकसते, म्हणून उकळणे थांबते त्या क्षणी भांड्यात सुमारे २३ लिटर असायला हवेत. घरगुती भांड्यात तासाला साधारण ३ ते ४ लिटर आटतात. तेव्हा उकळायला सुरुवात होते त्या वेळी भांड्यात २७ लिटर असतात, आणि ज्या पाककृतीत ९० मिनिटे उकळायचे असते तिच्यात २९ लिटरपर्यंत.

भांड्यावर लिहिलेली क्षमता काठोकाठ भरल्यावरची असते, ही गोष्ट खरेदी करताना हमखास विसरली जाते. ३६ सेंटिमीटर व्यासाच्या ३० लिटरच्या भांड्यात २७ लिटर भरले, तर वर जेमतेम ३ सेंटिमीटर काठ उरतो. त्याच व्यासाच्या ४० लिटरच्या भांड्यात सुमारे १३ सेंटिमीटर उरतो. या दोन काठांमधला फरक उकळी फुटते त्या पाच मिनिटांत फार प्रकर्षाने जाणवतो.

म्हणून दुकानात विचार करायचा तो बिअर किती हवी याचा नव्हे, तर उकळणे सुरू होताना भांड्यात काय काय असेल याचा. पिशवीत मॅश करणाऱ्यांचा, म्हणजे माल्ट पिशवीत घालून त्याच भांड्यातल्या गरम पाण्यात भिजत ठेवणाऱ्यांचा, हिशेब वेगळा आहे. तो प्रश्न १० मध्ये पाहा.

३. पुरेसे मोठे भांडे असूनही वर्ट उतू जातो. याचा अर्थ भांडे आणखी मोठे हवे का?

नेहमीच नाही. उकळीच्या सुरुवातीला वर्टमधली प्रथिने साकळतात. त्या वेळी आधी पृष्ठभागावर तपकिरी, दाट साय धरते. तिच्याखालून वाफ वर ढकलू लागते आणि साय एकदम फुगून काठाकडे धावते. ही लाट काही मिनिटेच टिकते. प्रथिनांच्या गुठळ्या होऊन त्या खाली बसू लागल्या की फेस आपोआप पडतो आणि पुढचा तासभर वर्ट निमूटपणे उकळतो. त्या काही मिनिटांत आच कमी करणे, ढवळत राहणे आणि गार पाण्याचा फवारा हाताशी ठेवणे एवढे केले तरी पुरते. हॉप्सची पहिली मात्रा टाकताच फेस पुन्हा उसळतो, म्हणून ती लाट ओसरल्यावरच आणि थोडी थोडी टाकावी.

सुरुवातीच्या द्रवाच्या किमान एक चतुर्थांश इतकी जागा वर मोकळी असेल, तर भांडे मोठे करण्याचे कारण नाही. तेवढी नसेल, तर दोष भांड्याचाच आहे.

४. स्टेनलेस स्टील घ्यावे की ॲल्युमिनियम?

दोन्हींमध्ये उत्तम बिअर होते. निवड करायची ती शेगडी, साफसफाई आणि बजेट यांवरून.

ॲल्युमिनियम उष्णता फार चांगली वाहून नेते. या कामी वापरल्या जाणाऱ्या ३०४ दर्जाच्या स्टीलच्या ते दहापटीहून अधिक सरस आहे. त्यामुळे साध्या, एकसंध ॲल्युमिनियमच्या भांड्यात वर्ट एका जागी करपण्याची शक्यता कमी असते. वजनाने हलके आणि किमतीने स्वस्त ही आणखी दोन कारणे. उणीव अशी की, साध्या इंडक्शन शेगडीवर ते चालत नाही आणि तीव्र अल्कली त्याला सोसत नाही. कॉस्टिक सोडा तर त्याच्या जवळपासही आणू नये. सोडियम परकार्बोनेटसारख्या ऑक्सिजनयुक्त क्लीनरनेही ते काळवंडते.

नव्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात आधी अर्धा ते एक तास नुसते पाणी उकळावे. आतून करडा, निस्तेज थर धरतो. तो ऑक्साइडचा थर असून धातूचे आणि वर्टचे संरक्षण करतो. घासून चकचकीत करण्याचा मोह कितीही झाला तरी तो थर काढू नये. थर शाबूत असेल, तर वर्टसारख्या सौम्य आम्लीय द्रवात उतरणारे ॲल्युमिनियम नगण्य असते, हे आरोग्याबद्दल शंका विचारणाऱ्यांसाठी नमूद करतो.

स्टेनलेस स्टीलचे भांडे अधिक वर्षे टिकते, पोचे कमी येतात आणि जवळपास कोणत्याही क्लीनरने धुता येते. अपवाद क्लोरीनयुक्त ब्लीचचा: ते आत तसेच राहू दिले तर स्टीलला बारीक खड्डे पडतात. लोखंडी तारेची घासणीही टाळावी, कारण तिचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेथे गंजाचे ठिपके उमटतात. इलेक्ट्रिक एलिमेंट किंवा तोटी बसवायचा विचार असेल, तर माझे मत स्पष्टपणे स्टीलच्या बाजूने आहे.

५. तांब्याचे, एनॅमलचे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले भांडे घरात आहे. ते वापरू का?

जस्ताचा मुलामा दिलेले भांडे मुळीच वापरू नये, कारण आम्लीय वर्टमध्ये जस्त उतरते. एनॅमलचे भांडे टवका उडेपर्यंत ठीक असते. टवका उडाला की खालचे लोखंड गंजते आणि बिअरला धातूची चव येते. तांब्याची भांडी ब्रुअरीत पिढ्यान्पिढ्या वापरली गेली आहेत, पण त्यावरचा हिरवट कळंक दर वेळी पूर्ण काढावा लागतो. नॉनस्टिक लेप हॉप्स ढवळताना ओरखडतो, म्हणून तोही नको.

६. उंच भांडे चांगले की पसरट?

उंची व्यासाइतकी किंवा त्याहून थोडी अधिक असलेले भांडे बहुतेकांच्या सोयीचे ठरते. पसरट भांड्यात पृष्ठभाग जास्त असल्याने वर्ट जास्त आटतो, तळाशी गाळाचा थर दूरवर पसरतो आणि तो मागे ठेवून स्वच्छ वर्ट काढणे कठीण जाते. शिवाय थंड करण्याची धातूची वेटोळी नळी पसरट भांड्यात अर्धी उघडी राहते. अति उंच भांड्यात वेगळी अडचण येते: तळ लहान असल्यामुळे मोठ्या बर्नरची आच कडेने निघून जाते आणि ढवळायला तळापर्यंत हात पोहोचत नाही.

घेण्यापूर्वी दोन मोजमापे अवश्य घ्यावीत. भांड्याचा व्यास शेगडीच्या आधारावर नीट बसतो का, आणि भांडे शेगडीवर ठेवल्यानंतर वर झाकण उचलायला आणि वाकून आत पाहायला जागा उरते का. चिमणीखाली ठेवलेले ४५ सेंटिमीटर उंचीचे भांडे कागदावर जितके सोयीचे वाटते, तितके प्रत्यक्षात नसते.

७. माझ्या शेगडीवर एवढे मोठे भांडे उकळेल का?

भांडे घेण्याआधी विचारायला हवा असा हा प्रश्न आहे, पण तो बहुधा भांडे घरी आल्यावर विचारला जातो. उत्तर साध्या गणिताने मिळते.

मॅश संपल्यावर वर्ट सुमारे ६५ अंशांवर असतो. २७ लिटर वर्ट तेथून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे १.१ किलोवॉट-तास उष्णता लागते. पूर्ण ३ किलोवॉट भांड्यात पोहोचत असतील तर २२ मिनिटे लागतात, आणि २ किलोवॉट पोहोचत असतील तर ३३ मिनिटे. हवेत जाणारी उष्णता धरता प्रत्यक्ष वेळ याहून अधिक असतो. हा वेळ फार तर कंटाळवाणा होतो; खरी कसोटी उकळी फुटल्यानंतरची असते. १ लिटर पाण्याची तासाभरात वाफ करायला सुमारे ०.६३ किलोवॉट सतत लागतात. म्हणजे तासाला ४ लिटर आटवायचे असतील तर २.५ किलोवॉट नुसते वाफेवरच खर्च होतात. भांड्याच्या भिंतींतून जाणारी उष्णता वेगळी. म्हणून २० लिटरच्या बॅचसाठी ३ किलोवॉटचा, थेट द्रवात बुडालेला इलेक्ट्रिक एलिमेंट पुरेसा होतो. २ किलोवॉटवरही वर्ट उकळतो, पण उकळी मंद राहते. अशा वेळी भांड्याच्या बाहेरून उष्णतारोधक आवरण घातले तर बराच फरक पडतो.

गॅसच्या बाबतीत बर्नरवर लिहिलेली शक्ती आणि भांड्यात शिरणारी शक्ती यांत मोठी तफावत असते, कारण ज्वालेची बरीच उष्णता कडेने निघून जाते. स्वयंपाकघरातल्या एका बर्नरवर २७ लिटर खळखळून उकळतील, असे गृहीत धरू नये. आधी घरातल्या सर्वांत मोठ्या पातेल्यात मोजून पाणी घ्यावे, ते किती वेळात उकळते आणि झाकण काढल्यावर उकळी टिकते का हे पाहावे, आणि मग भांड्याचा आकार ठरवावा. शेगडी कमी पडत असेल, तर १० लिटरची बॅच आणि २० लिटरचे भांडे ही समाधानकारक निवड आहे.

सुरक्षिततेच्या तीन गोष्टी येथेच सांगणे आवश्यक आहे. मोठा गॅस बर्नर बंद खोलीत कधीही लावू नये, कारण त्यातून होणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो आणि त्याला वासही नसतो. ३ किलोवॉटचा एलिमेंट २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो, तेव्हा वायरिंग, अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारे यंत्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. काचेच्या पृष्ठभागाची शेगडी असेल, तर ती किती वजन सोसते हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहावे. भरलेले भांडे सहज ३० किलोच्या पुढे जाते.

८. तीन थरांच्या जाड बुडासाठी जादा पैसे मोजावेत का? आणि इंडक्शनसाठी काय पाहावे?

ज्वालेवर किंवा इंडक्शनवर उकळणार असाल आणि भांडे स्टीलचे असेल, तर होय. स्टील उष्णता सावकाश पसरवते. पातळ बुडाच्या भांड्यात ज्वाला लागते तेवढाच भाग तापतो आणि तेथे वर्ट बुडाला लागतो. दोन स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमची चकती असेल, तर उष्णता बुडावर सर्वत्र पसरते. माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे माल्टचा तयार अर्क, वापरणाऱ्यांना याचा विशेष फायदा होतो, कारण दाट एक्स्ट्रॅक्ट तळाशी बसून करपतो. तरीही एक्स्ट्रॅक्ट ओतताना आच बंद करावी. जाड बूड हा त्याला पर्याय नाही. द्रवात बुडणारा एलिमेंट वापरणाऱ्यांनी मात्र जाड बुडावर पैसे खर्च करू नयेत.

इंडक्शनसाठी बुडाला चुंबक घट्ट चिकटला पाहिजे. ३०४ दर्जाच्या स्टीलला तो जवळजवळ चिकटत नाही, म्हणून इंडक्शनच्या भांड्यांना खालून चुंबकीय स्टीलचा थर दिलेला असतो. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील हलक्या प्रतीचे, असा निष्कर्ष काढू नये. चिकटला म्हणजे ते उत्तमच, असाही नाही.

९. खाली तोटी हवीच का? आणि वेल्डिंग केलेली घ्यावी की नटाने आवळलेली?

१५ लिटरच्या वरच्या कोणत्याही भांड्याला तोटी असावी, असे माझे ठाम मत आहे. उकळता वर्ट उचलून ओतणे हा या छंदातला सर्वांत मोठा धोका आहे. एक पाऊल घसरले तरी गंभीर भाजते, आणि वर्टमध्ये साखर असल्याने तो अंगाला चिकटून राहतो.

तोटीसाठी अर्ध्या इंचाचा स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह सर्वसाधारणपणे वापरला जातो. तीन तुकड्यांत खुलणारा घ्यावा, कारण बंद गोळ्याच्या पोकळीत वर्ट अडकतो, आंबतो आणि पुढच्या बॅचला वास लावतो. उकळणे संपण्याच्या थोडे आधी तोटी उघडून अर्धा लिटर उकळता वर्ट उष्णता सोसणाऱ्या भांड्यात घ्यावा आणि परत वर ओतावा. त्याने तोटीचा आतला भागही उकळत्या उष्णतेने निर्जंतुक होतो.

वेल्डिंग चांगले असेल तर गळतीची काळजी राहत नाही, पण ते आतून गुळगुळीत असायला हवे. खडबडीत सांध्यात मळ साचतो. नटाने आवळलेली तोटी सिलिकॉनच्या रिंगवर अवलंबून असते. ती बसवल्यावर आधी गार पाणी आणि नंतर उकळते पाणी भरून, असे दोनदा तपासावे. गार पाण्यात कोरडा राहिलेला सांधा तापल्यावर नटाखाली एकेक थेंब धरू लागतो, असे पुष्कळदा घडते. नट थोडा आवळून थांबत नसेल, तर रिंग सरकली आहे असे समजावे. आणखी जोर केल्यास ती फाटते.

तोटीच्या पातळीखाली किती द्रव अडकून राहते हेही पाहावे. आत वाकलेली नळी बसवून ते कमी करता येते. नळीचे तोंड मध्यभागी न ठेवता कडेला ठेवावे, कारण वर्ट गोल ढवळून स्थिर होऊ दिला की गाळाचा ढीग मध्यभागी जमतो.

१०. मी पिशवीत मॅश करतो, म्हणजे धान्य आणि सगळे पाणी एकाच भांड्यात असते. मग किती मोठे भांडे लागेल?

अशा पद्धतीत भांड्याची कमाल पातळी उकळताना नव्हे, तर मॅशच्या वेळी येते. ५ किलो माल्टचे उदाहरण घेऊ. प्रश्न २ प्रमाणे उकळायला २७ लिटर लागतात. धान्य किलोमागे सुमारे ०.८ लिटर पाणी शोषून धरते, म्हणजे आणखी ४ लिटर. एकूण पाणी ३१ लिटर. धान्य स्वतः किलोमागे सुमारे ०.६७ लिटर जागा व्यापते, म्हणजे ३.४ लिटर. पातळी ३४ ते ३५ लिटरवर पोहोचते. ४० लिटरच्या भांड्यात हे मावते, आणि मॅश उकळत नसल्याने थोडा काठ पुरतो.

हाच हिशेब ८ किलो माल्टच्या कडक बिअरसाठी केला तर पातळी ३९ लिटरच्या आसपास जाते आणि ढवळायलाही जागा उरत नाही. अशा बिअर आवडत असतील तर ५० लिटरचे भांडे घ्यावे, किंवा थोडे पाणी राखून ठेवून ते पिशवी उचलल्यावर धान्यावरून ओतावे.

११. आतल्या बाजूला लिटरच्या खुणा आणि अंगात बसवलेला थर्मामीटर आवश्यक आहे का?

खुणा फार उपयोगी असतात, पण त्या घरी करता येतात. एक लिटरच्या मापाने पाणी ओतत जावे आणि लाकडी पट्टीवर रेघा माराव्यात. ३६ सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात दर सेंटिमीटरला जवळजवळ नेमका १ लिटर येतो, हा या मापाचा एक सुखद गुण आहे. ४० सेंटिमीटर व्यासात १.२६ लिटर येतात. उकळता वर्ट मोजताना प्रश्न २ मधले ४ टक्के वजा करावेत.

अंगात बसवलेला थर्मामीटर टाळला तरी चालतो. प्रत्येक छिद्र म्हणजे गळतीची एक संभाव्य जागा, आणि हातातला डिजिटल थर्मामीटर अधिक विश्वासार्ह असतो.

१२. मी एक्स्ट्रॅक्टपासून बिअर करतो आणि निम्मेच द्रव उकळून नंतर पाणी घालतो. मलाही ४० लिटरचे भांडे हवे का?

नको. १० ते १२ लिटर उकळणाऱ्याला २० लिटरचे भांडे पुरते. मात्र दाट वर्टमध्ये हॉप्सचा कडूपणा कमी उतरतो आणि रंग गडद होतो. बराचसा एक्स्ट्रॅक्ट शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घातला तर दोन्ही गोष्टी सुधारतात. पुढे धान्यापासून बिअर करण्याचा निश्चय असेल, तरच आत्ता मोठे भांडे घ्यावे.

१३. मोठ्या भांड्यात लहान बॅच करता येते का?

येते, पण आटण्याचे प्रमाण पुन्हा मोजावे लागते. आटणे टक्केवारीने होत नाही. ते आच आणि पृष्ठभाग यांवर ठरते. २७ लिटरमधून ४ लिटर गेले तर सातवा हिस्सा जातो, पण १० लिटरच्या बॅचसाठी १६ लिटर घेतले तर तेच ४ लिटर म्हणजे चौथा हिस्सा होतो. आच कमी ठेवावी आणि पहिल्या खेपेला दर पंधरा मिनिटांनी पातळी मोजावी. एलिमेंट उकळणे संपेपर्यंत द्रवात बुडालेला राहील याची खात्री करावी. उघडा पडलेला एलिमेंट जळतो. ५ लिटरच्या प्रयोगासाठी मात्र स्वयंपाकघरातले पातेलेच बरे.

१४. शेगडी कमी पडते म्हणून झाकण अर्धवट ठेवून उकळले तर चालेल का?

उकळी येईपर्यंत झाकण पूर्ण ठेवावे. त्यात काहीही गैर नाही. नंतरचा प्रश्न मक्यासारख्या किंवा उकडलेल्या भाजीसारख्या वासाचा आहे. फिकट माल्टमधील एका घटकापासून उकळताना डायमिथाइल सल्फाइड तयार होते आणि ते वाफेबरोबर बाहेर जायला हवे. उकळत्या वर्टमध्ये तो मूळ घटक सुमारे ४० मिनिटांत निम्मा होतो, म्हणूनच पिल्सनर या फिकट माल्टसाठी ९० मिनिटे उकळण्याचा सल्ला दिला जातो. झाकण अर्धे ठेवून उकळी जोमदार होत असेल, वाफ मोकळेपणाने निघत असेल आणि झाकणावर जमलेले पाणी परत आत ठिबकत नसेल, तर ते चालते. पूर्ण झाकून उकळू नये. त्याने वर्ट उतू जातो, तो वेगळाच त्रास.

१५. स्टीलचा जुना बिअर केग (बिअरचे बंद पिंप) कापून भांडे केले तर?

५० लिटरचा केग जाड स्टीलचा असतो आणि अशा भांड्याचे आयुष्य मोठे असते. पण दोन अटी आहेत. एक, तो कायदेशीररीत्या विकत घेतलेला असावा. अनामत रक्कम भरून आणलेला केग ब्रुअरीच्याच मालकीचा राहतो. दोन, कापण्यापूर्वी आतला दाब पूर्णपणे सोडून वरचा व्हॉल्व्ह काढलेला असावा. दाब असलेला केग कापणे प्राणघातक ठरू शकते. कापलेली कड धारदार असते, ती घासून बोथट करून घ्यावी. केगचे बूड सपाट नसते, त्यामुळे इंडक्शनवर तो उपयोगाचा नाही. बाहेर मोकळ्यावर मोठा गॅस बर्नर असणाऱ्यांनीच त्याचा विचार करावा.

१६. भांडे ३० लिटरचेच आहे आणि आत्ता बदलणे शक्य नाही. तरीही २० लिटर बिअर मिळवता येईल का?

दोन मार्ग आहेत. पहिला, २२ लिटर दाट वर्टपासून सुरुवात करून उकळावे आणि उरलेले उकळून गार केलेले पाणी किण्वनाच्या भांड्यात घालावे. येथे हॉप्सचे प्रमाण थोडे वाढवावे लागते. कारण प्रश्न १२ मध्ये दिले आहे. दुसरा मार्ग, ३ ते ४ लिटर वर्ट बाजूला ठेवून द्रव आटत जाईल तसतसा तो भांड्यात घालत राहावा. हा वर्ट ६५ अंशांच्या खाली निवू देऊ नये आणि शेवटची भर उकळणे संपण्याच्या किमान अर्धा तास आधी घालावी. त्यानंतर घातलेल्या वर्टमधून प्रश्न १४ मधला वास पुरेसा निघून जात नाही.